काळ्या स्वेटरची डावी बाही

बाळ पाटणकर एकाहत्तर वर्षांचे होते. एकाहत्तराव्या वर्षी माणसाचं नाव बाळ असणं बरं दिसत नाही, हे त्यांना मान्य होतं. पण नाव ठेवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्यांनी ठेवलं त्यांना जाब विचारायची वेळ केव्हाच निघून गेली होती. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत सगळे त्यांना बाळकाका म्हणत.

एकतीस डिसेंबरला संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातलं जुनं कॅलेंडर उतरवलं. रद्दीत टाकण्याआधी पानं उलटून पाहायची त्यांची पद्धत होती, कारण त्या घरात गॅसवाल्याचा नंबर, चकलीच्या भाजणीचं प्रमाण आणि नातेवाइकांच्या मुंजींच्या तारखा कॅलेंडरच्या पाठीवरच राहत. जानेवारीच्या पानामागे श्यामलाताईंचं अक्षर होतं. श्यामलाताई म्हणजे त्यांची बायको. सप्टेंबरात ती गेली. पान वर्षाच्या सुरुवातीला लिहिलेलं होतं.

‘यंदा करायचे. एक, ओवीचा काळा स्वेटर, बोरन्हाणाच्या आत. दोन, महिन्यातून एक रविवार सगळे आपल्याकडे, मोबाइल तांदळाच्या डब्यात. तीन, नवीन लोकर घ्यायची नाही, आहे ती संपवायची. चार, ह्यांना विणकाम शिकवायचे (जमल्यास).’

एकावरही बरोबरची खूण नव्हती.

कुठलाही माणूस अशा वेळी रडला असता. बाळकाकाही रडणार होते. चष्मा काढून झाला होता, खुर्ची ओढून झाली होती. पण तेवढ्यात त्यांच्या डोक्यात तो कंस शिरला.

जमल्यास?

पिंपरीच्या कारखान्यात अडतीस वर्षं नोकरी. त्यातली शेवटची वीस तपासणी विभागात. एका मिलिमीटरचे पन्नास भाग करून मोजणारं वर्निअर ज्यांच्या खिशात पेनासारखं असायचं, नापास मालावर लावायच्या ज्यांच्या लाल चिकटपट्टीला अख्खं खातं घाबरायचं, त्या माणसाला दोन सुया आणि एक दोरा ‘जमल्यास’? बाळकाकांनी चष्मा परत घातला आणि कपाटातून श्यामलाताईंची विणकामाची पिशवी काढली.

पिशवीत डांबरगोळ्या होत्या आणि स्वेटर होता. पाठ झाली होती, पोट झालं होतं, खांदे जोडून गळ्याची पट्टीही विणून झाली होती, उजवी बाही झाली होती. काळ्या लोकरीत मधेमधे पांढरे ठिपके, काट्याच्या हलव्यासारखे. डाव्या बाहीच्या जागी भोक होतं. गेल्या संक्रांतीच्या तोंडावर श्यामलाताई दवाखान्यात गेल्या आणि ओवीचं बोरन्हाण राहिलं. मग सप्टेंबरपर्यंत त्या अधूनमधून चार ओळी विणत राहिल्या, आणि एका बाहीपुरत्या कमी पडल्या.

ओवी ही बाळकाकांची नात. मार्चमध्ये तिला पाच पुरी होणार होती. बोरन्हाण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं करतात, म्हणजे ही शेवटची संधी. यंदा रथसप्तमी पंचवीस जानेवारीला, रविवारी. हातात पंचवीस दिवस आणि एक बाही. कारखान्यात याहून वाईट ऑर्डरी आल्या होत्या.

त्यांनी लगेच मुलाला फोन लावला. आमोद खराडीत राहत असे आणि तिथेच एका आयटी कंपनीत कामाला होता.

“रथसप्तमीला इकडे या. ओवीचं बोरन्हाण आहे.”

“बाबा, त्या वीकेंडला रिलीज आहे.”

“कोणाची?”

“सॉफ्टवेअरची, बाबा.”

“मग ते सुटेल. तू ये.”

बातमी जिन्यातून खाली जाईपर्यंत सल्ले वर यायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, वर्षाच्या आत घरात काही करत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हणाल्या, मोठ्यांचं करत नाहीत, लहानांचं चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एकदा गुरुजींना विचारून घ्या म्हटलं. गुरुजी फोनवर म्हणाले, “काका, सण वर्षभर थांबतो, मुलगी थांबते का? उरका.” बाही आपणच विणणार आहोत हे मात्र बाळकाकांनी सोसायटीत कोणाला सांगितलं नाही, कारण विणकाम हा तोपर्यंत त्यांच्या दृष्टीने दोन दिवसांचा कार्यक्रम होता.

पहिल्या दिवशी त्यांनी उजव्या बाहीचं ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने आणि छेद. वर्निअरने मनगटाची रुंदी, काखेची रुंदी, लांबी, प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याचं अंतर. कोपऱ्यात लिहिलं, ‘डावी बाही, नग एक’. खाली सही केली. तपासणाऱ्याच्या जागीही स्वतःच सही केली, मग ते नियमाला धरून नाही म्हणून खोडली.

दुसऱ्या दिवशी सुनेने, स्पृहाने, मोबाइलवर विणकामाचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक मुलगी हसत हसत ‘बहोत आसान है’ म्हणायची आणि तिच्या बोटांत काहीतरी व्हायचं. बाळकाकांनी तो एकोणीस वेळा पाहिला. मुलगी प्रत्येक वेळी हसली. काळ्या लोकरीवर काळा टाका दिसत नाही, हे तिने कुठे सांगितलं नाही. पाचव्या दिवशी बाळकाकांच्या हातात सुईसकट एक गोळा होता, आणि त्यातून सुई कशी काढायची हा नवीन प्रश्न होता.

सोसायटीत विणकामाचा वर्ग होता. रोज तीन ते पाच, क्लब हाउसमध्ये. वर्ग घ्यायच्या रतनताई वाघमारे. त्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही समोरच्या माणसाला पेशंट समजूनच बोलत. श्यामलाताई दहा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत. बाळकाकांनी प्रवेशाचा फॉर्म आणला, भरला आणि सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद यांच्याकडे नेऊन दिला.

दत्तप्रसादांनी फॉर्म वाचला. दोन्ही बाजूंनी.

“‘पतीची संमती’ हा रकाना रिकामा आहे.”

“मला पती नाही.”

“ते दिसतंय मला, काका. पण रकाना आहे.”

“मग खोडा की.”

“खोडाखोड असलेला फॉर्म बाद होतो. खाली बारीक अक्षरात आहे.”

“पत्नीची चालेल?”

“चालेल. सही घेऊन या त्यांची,” दत्तप्रसाद म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना समजलं. त्यांनी पंखा वाढवला. जानेवारीत पंखा का वाढवला हे लक्षात आल्यावर परत कमी केला.

बाळकाकांनी खिशातून कॅलेंडरचं पान काढून टेबलावर ठेवलं. “ही संमती. कलम चार. तिच्या हस्ताक्षरात.”

दत्तप्रसादांनी कलम चार वाचलं. बराच वेळ वाचलं.

“कंसात ‘जमल्यास’ आहे,” ते हळूच म्हणाले. “ही सशर्त संमती झाली.”

पानाची झेरॉक्स फॉर्मला जोडण्यात आली. पण त्यातून दुसरंच प्रकरण निघालं. क्लब हाउस तीन ते पाच फक्त महिलांसाठी, असा वार्षिक सभेचा ठराव होता. ठराव बदलायला वार्षिक सभा लागते, आणि वार्षिक सभा ऑगस्टात. रथसप्तमी जानेवारीत. कमिटीने तोडगा काढला की, बाळकाकांनी बाहेर, खिडकीशी बसावं, आणि शिक्षण गजांतून द्यावं.

तेव्हा आठ जानेवारीपासून बाळकाका प्लास्टिकच्या खुर्चीवर क्लब हाउसच्या बाहेर बसू लागले. आतून रतनताई ओरडायच्या, “दोन सुलट, दोन उलट! पाटणकर, सुलट म्हटलं मी!” बाळकाका गजांतून विणकाम आत सरकवायचे, ते चार हातांतून फिरून यायचं, आणि प्रत्येक हाताबरोबर एक सूचना यायची. सूचना एकमेकींशी जुळत नसत. एकदा त्यांना सुई बदलायला सांगितलं, आठ नंबर नको, दहा नंबर घ्या, बारीक हवी. आता आठाहून दहा बारीक कशी, असं कुठलाही पुरुष विचारील, असं बायांना वाटलं. बाळकाका म्हणाले, “बरोबर. तारेच्या गेजसारखं. नंबर वाढला की जाडी कमी.” रतनताईंनी पहिल्यांदाच चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या महिन्यातला बाळकाकांचा तेवढाच एक विजय.

खिडकीशेजारी वॉचमन धोंडिबा बसायचा. तो धायरीचा. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, त्यामुळे लोकर या विषयावर आपलं मत विचारलं पाहिजे असं त्याला वाटे. कोणी विचारत नसे, म्हणून तो विचारल्याशिवाय देत असे. बाहीची पहिली चार बोटं विणून झाल्यावर त्याने ती हातात घेतली, ताणून पाहिली, ती ताणली गेली नाही.

“काका, लई आवळ हाय.”

“घट्ट आहे. टिकेल.”

“टिकंल. पर ह्यात पोरीचा हात घालायचा हाय का पाण्याचा पाइप?”

बाळकाकांनी वर्निअर लावलं. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, पण श्यामलाताईंच्या बाहीपेक्षा रुंदी सव्वा इंचाने कमी. उसवली. पुन्हा विणली. पुन्हा तेवढीच. टाका सुटू नये म्हणून ते प्रत्येक टाका बोल्ट कसल्यासारखा कसत होते. चौथ्यांदा उसवायला घेतली तेव्हा ती उसवेचना. आतून चौघी आणि बाहेरून धोंडिबा, असे पाच जण लागले.

स्वतःचं उसवायला त्यांना काही वाटत नसे. पण एकदा रतनताईंनी पाठीवर बोट ठेवलं. “हा बघा, श्यामलाचा इथे टाका गळलाय. दवाखान्यातलं विणकाम दिसतंय. चार ओळी उसवून नीट करून देते.”

“नको.”

“चूक आहे ती, पाटणकर.”

“असू दे. तिचा एकही टाका उसवायचा नाही. सवलत मंजूर आहे.”

अडतीस वर्षांत या माणसाने कोणाला अर्ध्या मिलिमीटरची सवलत दिली नव्हती. रतनताईंना ते माहीत नव्हतं. पण त्यांनी बोट काढून घेतलं.

“माप कधीचं आहे हो, मुलीचं?” त्यांनी विचारलं.

“ड्रॉइंगवर आहे,” बाळकाका म्हणाले, आणि विषय संपवला.

बारा तारखेला सूचना फलकावर कागद लागला. ‘काही सभासद महिला वर्गाच्या खिडकीशी रोज दोन तास बसून असतात. खिडकी हवेसाठी आहे. हुकुमावरून.’ बाळकाकांच्या आयुष्यात नाव न घेता फलकावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यांनी त्याच फलकावर उत्तर लावलं. ‘सदर सभासद बाही विणत असतात. हवा अडवली जात असल्यास मोजून दाखवावी. वर्निअर मिळेल.’ त्यावर तिसरा कागद लागला. चौथ्या दिवशी फलकावर पाणी कधी येणार ही सूचना लावायला जागा राहिली नाही, आणि अख्ख्या इमारतीच्या टाक्या रिकाम्या राहिल्या.

शेवटी रतनताईंनी फलकासमोर उभं राहून सगळे कागद वाचले. मग आत गेल्या आणि म्हणाल्या, “ठराव क्लब हाउसचा आहे ना? मग उचला खुर्च्या.” बाया खुर्च्या घेऊन बाहेर आल्या आणि बाळकाकांच्या भोवती बसल्या. त्या दिवसापासून क्लब हाउस तीन ते पाच फक्त महिलांसाठी राखीव होतं आणि त्यात एकही महिला नव्हती. दत्तप्रसाद येऊन बघून गेले. ठरावाचा भंग कुठेही होत नव्हता. त्यांना ते फार लागलं.

आवळ टाक्याचं मात्र काही केल्या जमेना, आणि त्यात लोकर संपत आली. सारखी उसवली की लोकर झिजते, तुटते. पान सांगत होतं, नवीन घ्यायची नाही. बाळकाकांनी विचार केला की, घ्यायची नाही, पण आहे का ते विचारायला हरकत नाही. ते अख्खा स्वेटर घेऊन रविवार पेठेत लोकरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने स्वेटरकडे पाहिलं आणि एकेक करून काळ्या रंगाच्या सात लडी समोर टाकल्या. सातही वेगळ्या होत्या. बाळकाकांना तोपर्यंत काळा एकच असतो असं वाटत होतं.

“यातला कुठला?”

“कुठलाच नाही. हा काळा बंद झाला.”

“काळा कसा बंद होईल?”

“दोन वर्षं झाली.”

“मग मी काय करू?”

“बाही आखूड करा.” दुकानदार लडी परत लावत म्हणाला, “नाहीतर मुलगी.”

बाळकाका घरी आले ते ठरवूनच, की झाली तेवढी बाही रतनताईंच्या हवाली करायची. कंस बरोबर होता. तिला माहीत होतं. चव्वेचाळीस वर्षं बरोबर राहून ती कंस उगाच घालणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी रतनताईंच्या मांडीवर ठेवली. रतनताईंनी ती परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“तुमचं काय चुकतं माहितीये? तुम्ही गप्प बसता.”

“विणताना बोललं तर मोजणं चुकतं.”

“श्यामला अखंड बोलायची. तोंड चालू असलं की हात सैल राहतो. तुम्ही दात आवळून बसता, टाका पण आवळतो. शेवटचं कोणाशी बोललात नीट?”

बाळकाकांनी आठवून पाहिलं. सप्टेंबरपासून त्यांचं बहुतेक बोलणं दूधवाल्याशी झालं होतं, आणि तेही ‘उद्या अर्धाच’ इतपत.

“काय बोलू?”

“काहीही बोला. येतं ते बोला.”

बाळकाकांना एकच विषय येत होता. त्यांनी घसा साफ केला, सुई उचलली आणि वर्निअर कसं वाचायचं ते सांगायला सुरुवात केली. मुख्य पट्टी, सरकती पट्टी, रेषेला रेषा कुठे जुळते ते. बायांनी सभ्यपणे ऐकलं. वीस मिनिटांनी दोघींना झोप लागली. धोंडिबा मात्र प्रश्न विचारत होता. वर्निअरवरून बाळकाका मायक्रोमीटरवर गेले, मायक्रोमीटरवरून एकोणनव्वद सालच्या एका नापास झालेल्या खेपेवर, तिथून त्या संध्याकाळी श्यामलाताईंनी डब्यात काय दिलं होतं त्यावर. पाच वाजता रतनताईंनी बाही हातात घेऊन ताणली. ती ताणली गेली, आणि सोडल्यावर परत जागेवर आली.

“बोलत राहा,” रतनताई म्हणाल्या.

ते नऊ दिवस बोलले. सोसायटीतल्या सात बायकांना आणि एका वॉचमनला वर्निअर वाचता यायला लागलं. चोवीस तारखेला संध्याकाळी बाही स्वेटरला जोडली गेली, तेव्हा वीतभर लोकर उरली होती. बाळकाकांनी दोन्ही बाह्या शेजारी ठेवून मोजल्या. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतला. कारखान्यात असते तर हिरवी चिकटपट्टी लावली असती.

रथसप्तमीच्या सकाळी घरात चाळीस माणसं होती, त्यातली तीस चार फुटांच्या खालची. चुरमुरे, बोरं, हरभरे, उसाचे करवे आणि गोळ्या यांनी भरलेलं मोठं पातेलं घेऊन पहिल्या मजल्यावरच्या आजी पाटाशेजारी सज्ज होत्या. वर्षाच्या आत काही करत नाहीत म्हणणाऱ्या त्याच. आमोद, स्पृहा आणि ओवी खराडीहून दीड तास गाडी चालवून पोहोचले. आमोद आत आला तो कानाला फोन लावूनच. बाळकाकांनी तांदळाचा डबा पुढे केला.

“बाबा, आज नाही हं. आज मी ऑन कॉल आहे,” असं म्हणून तो बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतलं.

ओवी समोर उभी राहिली. बाळकाकांनी तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी जुळत नाही असं त्यांना वाटलं. पण कारण त्यांच्या लक्षात आलं नाही. गणपतीत घर बंदच होतं, दिवाळी खराडीत झाली ती बाळकाकांशिवाय. चार महिने ते ओवीला रोज मोबाइलवर बघत होते, आणि मोबाइलवर ती रोज तेवढीच दिसायची. सहा इंच.

“हात वर,” स्पृहा म्हणाली आणि स्वेटर डोक्यावरून घातला.

हात गेले. कोपरापर्यंत गेले आणि बाह्या संपल्या. डोकं गळ्यापर्यंत आलं आणि थांबलं. स्पृहाने खाली ओढलं. मग वर ओढलं. डोकं दोन्हीकडे जायला तयार नव्हतं.

स्वेटर श्यामलाताईंनी घेतलेल्या मापाप्रमाणे बरोबर होता. डावी बाही उजवीसारखी बरोबर होती. सगळं ड्रॉइंगप्रमाणे होतं. फक्त ते माप तेरा महिन्यांपूर्वीच्या ओवीचं होतं, आणि तपासणी विभागातल्या या माणसाने पंचवीस दिवसांत ज्या एका वस्तूला टेप लावली नव्हती, ती वस्तू पाटावर बसून ओरडत होती, “आजोबा, आत रात्र झाली! डांबरगोळीचा वास येतोय!”

मुलं हसली. हसण्याला मुहूर्ताची खूण समजून आजींनी पातेलं उपडं केलं. तीस मुलं पाटावर तुटून पडली. ओवीला काही दिसत नव्हतं, पण बोरं खाली पडली हे ऐकू आलं होतं. तीही कोपरापासून सुटलेल्या हातांनी चाचपडत रांगायला लागली. बिनडोक्याचा काळा स्वेटर चुरमुऱ्यांतून हिंडत होता आणि आतून आवाज येत होता, “माझी बोरं! माझी बोरं ठेवा!” बाल्कनीच्या काचेपलीकडे आमोद कोणालातरी सांगत होता, “हो, हो, मला सगळं स्पष्ट दिसतंय.”

रतनताई गर्दीतून पुढे आल्या. हातात कात्री होती.

“कात्री की उसवायचं? लवकर सांगा, पाटणकर. पेशंट आत आहे.”

गळ्याची पट्टी श्यामलाताईंनी विणली होती. दवाखान्यातून शेवटचं घरी आल्यावर, उशीला टेकून.

“कात्री नको,” बाळकाका म्हणाले.

ते खाली बसले. शेवटची गाठ कुठे लपवली आहे हे त्यांना माहीत होतं, बाही जोडताना त्यांनी ती हेरून ठेवली होती. नखाने गाठ सोडवली, दोरा धरला, आणि ओढला. एक टाका सुटला. मग दुसरा. काहीतरी होईल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. काही झालं नाही. टाका सुटला तसा पुढचा आपोआप वाट करून देत गेला, आणि दोन ओळी सुटल्यावर ओवीचं डोकं बाटलीच्या बुचासारखं बाहेर आलं. केसांत एक बोर अडकलेलं होतं.

तिने आधी बोर खाल्लं. मग आजोबांच्या हातातला दोरा पाहिला, त्यांच्याकडून घेतला आणि ओढत ओढत चालायला लागली. सोफ्याला वळसा, दत्तप्रसादांच्या पायांना वळसा, स्वयंपाकघरातून परत. गळ्याची पट्टी संपली तरी तिच्या हातात दोरा येतच होता.

“आजोबा,” ती थांबून म्हणाली, “आजीनं आत केवढी मोठी दोरी ठेवली होती!”

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. बाळकाका उठून वर्निअर घेऊन आले.

“सरळ उभी राहा.”

“गार लागतंय, आजोबा!”

त्यांनी मनगट मोजलं, दंड मोजला, मग वर्निअर पुरेना म्हणून रतनताईंची टेप घेतली आणि छाती, हात, गळा मोजला. ड्रॉइंगच्या पाठीवर नवीन आकडे लिहिले. प्रत्येक आकड्यापुढे लिहिलं, ‘अधिक दोन इंच, वाढीसाठी’. अशी नोंद त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली. लोखंड वाढत नाही.

“लोकर पुरेल का?” त्यांनी विचारलं.

“बाह्या पाऊण करा, पुरेल,” रतनताई म्हणाल्या. “पण उसवलेली लोकर अशी कुरळी विणता येत नाही. हातांवर घेऊन लड करायची, धुवायची, वजन लावून वाळवायची. पुढच्या रविवारी तिचे गुंडे. दोन्ही वेळा समोर कोणीतरी हात पसरून बसायला हवं. रिकामे हात.”

सगळ्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

“आमोद,” स्पृहाने दार उघडून हाक मारली, “जरा हात पुढे कर.”

“दोनच मिनिटं हं,” म्हणत आमोद आत आला. फोन टेबलावर ठेवून त्याने हात पसरले. स्पृहाने त्याच्या हातांवर दोरा गुंडाळायला घेतला. ओवी दोरा पुरवायची आणि बाळकाका मांडीवर घेतलेला स्वेटर उसवायचे. पाठ गेली. चुकलेल्या टाक्यापाशी दोरा क्षणभर अडकला आणि सुटला. पोट गेलं, उजवी बाही गेली. डावी बाही सगळ्यात शेवटी. पंचवीस दिवसांचं काम चार मिनिटांत एकदाही न अडकता निघून आलं. रतनताई बघत होत्या.

“सुटली झटकन,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सैल जमली होती.”

बाळकाकांनी कॅलेंडरचं पान पुढ्यात घेतलं. दुसऱ्या कलमापुढे पेन नेलं आणि थांबले. एक रविवार झाला होता, पण मोबाइल बाहेर होता. नियम म्हणजे नियम. चौथ्या कलमाचा कंस त्यांनी तसाच ठेवला. तपासणी अजून बाकी होती.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“बाबा, फोन! ऑफिसचा आहे, जरा कानाला लावता का?” आमोद म्हणाला. मनगटापासून बोटांपर्यंत त्याच्या हातांवर आईची लोकर होती.

बाळकाकांनी फोन उचलला. त्यावरचं नाव लांब धरून वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले, तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून त्यात तो ठेवला, झाकण लावलं, आणि परत येऊन दुसऱ्या कलमापुढे बरोबरची खूण केली.

“बाबा!”

“हात हलवू नकोस, गुंता होतो,” बाळकाका खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसत म्हणाले. “तुला वर्निअर वाचता येतं का रे?”

आमोदने ते लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. पण हात अडकलेले होते.

“नाही,” तो म्हणाला. “सांगा.”